फॅशन डिझायनर व्हायचंय? आधी एक जुना ब्लाउज उसवा

मे-जून आला की ओळखीपाळखीतून मला फोन सुरू होतात. "आमच्या मुलीला फॅशन डिझाइनला घालायचंय, चित्रं फार सुंदर काढते." मी एकच विचारते, "मशीनवर बसते का?" पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज येत नाही. मग उत्तर येतं, "शिवणकाम नाही हो ताई, डिझायनिंग."

या एका गैरसमजापायी चांगल्या मुलामुलींची दोन-दोन, तीन-तीन वर्षं गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. कागदावर झगा कुणीही काढेल. तोच झगा पाच फूट उंचीच्या, खांदे थोडे उतरते असलेल्या बाईच्या अंगावर नीट बसवायचा, तीन मीटरच्या आत कापड संपवायचं आणि चार धुण्यांनंतरही तो तसाच राहायला हवा, याला डिझाइन म्हणतात. मी अठरा वर्षं या धंद्यात आहे. पहिली सहा पॅटर्न विभागात, म्हणजे कपड्याचे कागदी साचे आखण्यात काढली, आता पुण्यात तीन कारागिरांसोबत लहानसा स्टुडिओ चालवते. पुढच्या पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्या, कारण क्रम उलटा झाला की फीचे पैसे जातात आणि हात कोराच राहतो.

पहिली पायरी: उसवा, मग शिवा

घरात आईचा किंवा आजीचा एखादा चांगला बसणारा, आता वापरात नसलेला चार टक्सचा (अंगाला बसण्यासाठी घातलेल्या चुण्यांचा) ब्लाउज असेलच. तो मागून घ्या. धागे कापायची छोटी कात्री घेऊन एकेक शिलाई उसवा, घाई करू नका. सगळे तुकडे सुटे झाले की इस्त्री करून वर्तमानपत्रावर पसरा आणि पेन्सिलीने कडा आखून घ्या.

आता नीट पाहा. पुढचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, मागच्या मुंढ्यापेक्षा जास्त खोल कापलेला दिसेल. आपले हात पुढे येतात, मागे फारसे जात नाहीत, म्हणून तो तसा असतो. बाहीचा गोल टेपने मोजा आणि मुंढ्याची गोलाई मोजा. बाही अर्धा-पाऊण इंच जास्त भरेल. ते जास्तीचं कापड शिवताना हलक्या हाताने मुंढ्यात जिरवलेलं असतं. ते जिरवलं नसतं तर हात वर करताना बाही ओढली असती. गळ्याची पट्टी हातात घेऊन ताणा, ती ताणते. तोच ताण पाठीच्या तुकड्याला उभा देऊन बघा, तो हलत नाही. पट्टी उरेब, म्हणजे तिरकी कापलेली असते, पाठ उभ्या धाग्यावर. शिलाईच्या आत किती कापड सोडलंय तेही मोजा. बगलेत जास्त सोडलेलं असेल, कारण अंग भरलं तर तिथेच उसवून सैल करायचं असतं.

एका दुपारी एवढं कळतं. पहिलं सत्र भरून गेलेल्या मुलींनाही यातलं अर्धं माहीत नसतं, हे मी मुलाखती घेताना अनेकदा अनुभवलं आहे.

मग शिवायला बसा. नवी मोटर लावलेली मशीन लागत नाही. पायाची जुनी मशीन ओळखीत कुणाकडे तरी पडून असते, तेल घालून घ्या. आधी कागदावर, बिनदोऱ्याच्या सुईने सरळ रेघा आणि गोल काढायचा सराव करा. नंतर उशीचा अभ्रा, मग सहा कळ्यांचा परकर, बाळाचं झबलं, साधा कुर्ता, आणि शेवटी अस्तराचा ब्लाउज. ब्लाउज शेवटी, कारण तो सगळ्यात अवघड. चुका करायच्या त्या मांजरपाटावर, म्हणजे स्वस्त जाड्याभरड्या सुती कापडावर करा. मोठमोठ्या स्टुडिओतही पहिला नमुना मांजरपाटाचाच होतो, चांगलं कापड नंतर निघतं.

दुसरी पायरी: कापडाची ओळख

डिझाइनच्या शिक्षणात सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं ते कापडाकडे, आणि नुकसान होतं तेही इथेच. एक जाड वही करा. जे कापड हाताला लागेल त्याचा दोन इंचाचा तुकडा त्यात चिकटवा आणि शेजारी चार गोष्टी लिहा: कुठून आणलं, मीटरचा भाव, पन्हा (कापडाची रुंदी) किती इंच, आणि धुतल्यावर काय झालं. वर्षभरात शंभर-दीडशे तुकडे जमतात. माझी पहिली वही अजून टेबलाच्या खणात आहे, आणि आठवड्यातून एकदा तरी ती उघडली जाते.

दुकानदार 'प्युअर' म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका. कडेचे चार धागे ओढून घ्या, चिमट्यात धरून ज्योतीला लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा आणि राख मऊ. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळतं, त्याचा कडक काळा मणी होतो. मिसळीच्या कापडात दोन्ही दिसतं. हे करताना खाली पाण्याची ताटली ठेवा.

आकसण्याची चाचणी तर कधीही टाळू नका. पन्नास सेंटीमीटरचा चौकोन कापडावर आखायचा, धुवायचा, वाळवायचा, इस्त्री करून पुन्हा मोजायचा. अठ्ठेचाळीस भरला तर कापड चार टक्के आकसतं. चव्वेचाळीस इंच लांबीच्या कुर्त्यात याचा अर्थ पावणेदोन इंच. स्टुडिओ सुरू केल्यावर पहिल्याच दिवाळीत मी हातमागाच्या सुती कापडाचे बत्तीस कुर्ते कापड न भिजवता कापले. दिसायला देखणे होते, सगळे विकले गेले. पंधरा दिवसांनी एक ताई कुर्ता घेऊन आल्या, काही न बोलता टेबलावर पसरला आणि शेजारी न धुतलेला ठेवला. मी एकेका गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून पैसे परत दिले. त्या दिवसापासून आमच्याकडे बादलीतून निघाल्याशिवाय सुती कापड कटिंगच्या टेबलावर चढत नाही.

कापड बघायला बाजारात फिरा, विकत घ्यायचं नसलं तरी. मुंबईत मंगलदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केट, लेस-बटणांसाठी भुलेश्वर, दादरला हिंदमाता. पुण्यात लक्ष्मी रोड आणि रविवार पेठ. आपल्या राज्यात कापड कुठे बनतं हेही माहीत हवं: इचलकरंजी, भिवंडी, मालेगावचे यंत्रमाग, सोलापूरच्या चादरी, टॉवेल आणि गणवेशांचे कारखाने, उल्हासनगरची जीन्स. यातल्या एखाद्या गावी नातेवाईक असतील तर चार दिवस जाऊन माग चालताना बघा. ताणा (उभे धागे) कसा भरतात, बाणा (आडवे धागे) कसा जातो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कापडाचा उभा-आडवा आयुष्यात चुकत नाही.

हातमागाबद्दल मात्र जरा जास्त बोलणार आहे, कारण तो माझा जीव की प्राण. येवल्याला पैठणी विणणाऱ्या घरात बसून बघा. काठ-पदरावरचे मोर, मुनिया (पोपट), असावली (फुलांची वेल) हे वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्या हाताने फिरवत विणलेले असतात, म्हणून खऱ्या पैठणीची नक्षी मागच्या बाजूनेही स्वच्छ दिसते, मागे लोंबते धागे नसतात. विदर्भातली करवतकाठी साडी टसर रेशमाची, काठाला करवतीसारखे दाते. आपण सगळ्या ज्याचं कौतुक करतो तो खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. तो चोळीसाठी विणला जायचा, म्हणून त्याचा पन्हा अरुंद, जेमतेम तीस इंचांच्या आसपास. खणाचा लांब झगा काढून आणणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला मी विचारते, "जोड कुठे येणार?" त्याचं उत्तर चित्रात असायला हवं. अरुंद पन्ह्यामुळे येणारा जोड लपवण्याऐवजी त्यालाच रेघ करून घेता येतं, आणि तिथे खरी कल्पकता लागते. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी विस्मरणात चाललेल्या कुणबी साडीला पुन्हा लोकांसमोर आणलं. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते मुळात हॉटेल व्यवसायातले, ओमानमध्ये नोकरी करत होते, फॅशनचं शिक्षण नंतर घेतलं. वय वाढलं म्हणून थांबलेल्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

तिसरी पायरी: कोर्स निवडणे

पहिल्या दोन पायऱ्या सहा महिने चालवल्या आणि तरीही रोज मशीनवर बसावंसं वाटत असेल, तर आता फीचा विचार करा.

सगळ्यात नावाजलेली निफ्ट (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी), १९८६ साली केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने दिल्लीत सुरू केलेली. मुंबईचं केंद्र खारघरला आहे. बी.डेस. म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, वय चोवीसच्या आत हवं. अर्ज हिवाळ्यात निघतात आणि लेखी परीक्षा साधारण फेब्रुवारीच्या सुमारास होते. कल्पकतेचा पेपर, सामान्य क्षमतेचा पेपर, आणि त्यातून निवड झाली की सिच्युएशन टेस्ट, म्हणजे दिलेल्या साहित्यातून हाताने वस्तू बनवायची. तारा, कागद, कापडाचे तुकडे यांच्याशी घरी खेळलेल्या मुलांना हा टप्पा सोपा जातो. गणित-विज्ञान आवडणाऱ्यांनी तिथलाच बी.एफ.टेक. (फॅशन टेक्नॉलॉजीची पदवी) बघावा, त्यात कारखान्यातलं उत्पादन शिकवतात आणि त्यासाठी कल्पकतेचा पेपर नसतो. चार वर्षांची फी आणि राहणं धरून खर्च दहा लाखांच्या पुढे जातो, हे घरात आधी मोकळेपणाने बोला. अहमदाबादची एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) १९६१ ची, तिथे कापडाच्या डिझाइनचं शिक्षण फार खोलात होतं. प्रवेशासाठी दोन टप्प्यांची परीक्षा असते.

पण सगळ्यांनी तिकडेच धावायची गरज नाही. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये टेक्स्टाइल डिझाइन शिकता येतं, मुलींसाठी एसएनडीटी विद्यापीठ आहे. दहावीनंतर काही तंत्रनिकेतनांत ड्रेस डिझायनिंग अँड गारमेंट मॅन्युफॅक्चरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा चालतो. आणि आयटीआयमधले एक वर्षाचे शिलाई, ड्रेस मेकिंग, फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हे ट्रेड लोक उगाच कमी लेखतात. माझ्याकडची सगळ्यात तयार हाताची मुलगी आयटीआयची आहे, तिचा काज बघून निफ्टची मुलं फोटो काढतात. शाळेतल्या मुलांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा जरूर द्याव्यात, हात बसतो.

खाजगी संस्थांमध्ये फीच्या आकड्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पाया पडून सांगते, गुळगुळीत माहितीपत्रक बघून प्रवेश घेऊ नका. स्वतः जा आणि मशीनची खोली दाखवा म्हणा. किती मशीन, किती विद्यार्थी, ओव्हरलॉक (कापडाच्या कडा बांधायची मशीन) चालू आहे का, कटिंग टेबल किती लांब आहे, ते मोजा. पॅटर्न कोण शिकवतं आणि त्या व्यक्तीने कारखान्यात किती वर्षं काढली, ते विचारा. मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या दोघा-तिघांशी बोला. पदवीला कोणत्या विद्यापीठाची मान्यता आहे, ते कागदावर बघा. मशीनची खोली दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून चहा न पिता निघा.

चौथी पायरी: पोर्टफोलिओ

बारा ते पंधरा पानं पुरतात. चाळीस पानांची जाडजूड फाइल कुणी शेवटपर्यंत उलटत नाही. सुंदर चेहऱ्याच्या, लांब मानेच्या बायकांची चित्रं मला बघायची नसतात. एकच कपडा घ्या आणि त्याचा सगळा प्रवास दाखवा: कल्पना कुठून आली, कापडाचे खरे तुकडे, समोरून आणि मागून सरळ रेघांचं तांत्रिक रेखाटन, पॅटर्नचा फोटो, मांजरपाटाचा नमुना, त्यात सापडलेली चूक, आणि खऱ्या माणसाच्या अंगावरचा तयार कपडा. असे तीन प्रवास दाखवले की माझ्यासारखीला सगळं कळतं. चूक दाखवायला घाबरू नका. "इथे खांदा उतरत होता, म्हणून अर्धा इंच वर घेतला" असं लिहिलेलं पान बघून मी एकदा उभ्या उभ्या नोकरी दिली आहे.

संगणकावर इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप यायला हवं. पैसे नसतील तर इंकस्केप फुकट आहे, सपाट रेखाटनं त्यात उत्तम होतात. मोठ्या कंपन्यांत क्लो थ्रीडी, म्हणजे पडद्यावर कपडा उभा करायचं सॉफ्टवेअर मागतात. ते नंतर शिकलं तरी चालतं, हाताने पॅटर्न येत असेल तर पडद्यावरचा लवकर येतो.

पाचवी पायरी: पहिली नोकरी

'डिझायनर' असं पद पहिल्या दिवशी मिळत नाही. मर्चंडायझर, सॅम्पलिंग (नमुने तयार करायच्या विभागातला) असिस्टंट, पॅटर्न मास्तरांच्या हाताखाली, फॅब्रिक खरेदी, किंवा मालिका-नाटक-सिनेमाच्या कपडेपटात सहायक, या दारांतून आत जायचं असतं. मर्चंडायझरचं काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या मागणीपासून माल पाठवेपर्यंतचा सगळा पाठपुरावा. पुढे स्वतःचं काहीतरी सुरू करायचं असेल तर हे काम सगळ्यात जास्त शिकवतं. कपडेपटात कंटिन्युइटी सांभाळावी लागते. कालच्या प्रसंगात बाही किती दुमडली होती आणि पदर कुठे होता, याची फोटोसह नोंद ठेवायची. दिवस बारा-चौदा तासांचे असतात.

सिनेमाच्या वेशभूषाकार भानू अथैया यांचा रस्ता आठवा. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातल्या, जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेल्या. मुंबईत त्या बायकांच्या मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करत होत्या. मासिकाच्या संपादिकेने बुटीक काढलं तेव्हा त्यांना प्रत्यक्ष कपडे करायला सांगितलं, आणि तिथून त्या सिनेमाकडे वळल्या. १९८३ मध्ये 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं. मासिकातलं रेखाटन, बुटीक, मग सिनेमा, असे ते टप्पे होते.

स्टुडिओत गेलात की पॅटर्न मास्तरांच्या टेबलाजवळ जागा शोधा. त्यांना नावाने हाक मारू नका, मास्तर किंवा मास्टरजी म्हणा, आणि ते कापत असताना मध्ये बोलू नका. सकाळी त्यांच्या आधी येऊन कागद पसरून ठेवलात, खडू टोकदार केलात, की पंधरा दिवसांत तेच स्वतःहून दाखवायला लागतात. माझ्या मास्तरांनी मला मुंढ्याचा गोल वक्रपट्टीशिवाय, नुसत्या मनगटाने आखायला शिकवलं. ते कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हतं.

बिनपगारी इंटर्नशिपबद्दल स्पष्ट बोलते. कोर्सचा भाग म्हणून सहा-आठ आठवडे ठीक आहे. मी स्वतः एका मोठ्या नावाच्या स्टुडिओत आठ महिने फुकट राबले, बहुतेक वेळ पार्सलं पोचवण्यात आणि कॉफी आणण्यात गेला, आणि निघताना साधं अनुभवाचं पत्रही मिळालं नाही. तुम्ही आत जाण्याआधी तीन गोष्टी ईमेलवर लिहून घ्या: मुदत किती, महिन्याला किती पैसे, आणि कोणत्या विभागात काम. लिहून द्यायला नकार आला तर दुसरं दार बघा.

सहावी पायरी: स्वतःचं लेबल

किमान दोन-तीन वर्षं दुसऱ्याकडे काढल्यावरच. इथे सगळे हिशेबात मार खातात, म्हणून एक कुर्ता मांडून दाखवते. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे भाव घाला.

अडीच मीटर कापड १६० रुपयांनी, ४०० रुपये. दोरा-बटणं २०. कटिंग आणि शिलाई २५०. इस्त्री, लेबल, पिशवी ३०. झाले ७००. खराब जाणाऱ्या कापडाचे ३५ आणि भाडं-विजेतला वाटा ६५ धरला की ८००. नवखी माणसं हा कुर्ता हजाराला विकतात आणि दोनशे सुटले म्हणून खूश होतात. पण बुटीकमध्ये माल ठेवला तर ते विक्रीच्या तीस-चाळीस टक्के घेतात. हजारातले चाळीस टक्के गेले की हातात ६००, म्हणजे दर कुर्त्यामागे २०० रुपये खिशातून. तोच १,६०० ला लावलात तर दुकानाचे ६४० जाऊन ९६० येतात, १६० सुटतात. शिवाय न विकलेला माल परत येतो, आणि तुमच्या स्वतःच्या वेळेचे पैसे यात अजून धरलेलेच नाहीत. किंमत ठरवताना करही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. २,६०० चा कपडा त्यामुळे गिऱ्हाइकाला एकदम महाग पडतो.

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, ती करून टाका. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. वेगळा आकार किंवा नक्षी काढली असेल तर डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी करता येते, दहा वर्षं आणि पुढे आणखी पाच. मात्र फोटो लोकांत पसरवायच्या आधी अर्ज करा, आधी प्रसिद्ध झालेलं डिझाइन नोंदवता येत नाही.

पहिला संग्रह सहा नमुन्यांचा ठेवा, जास्त नको. मापं बाहेरच्या देशांच्या तक्त्यांवरून उचलू नका, आपल्या बायकांचा दंड, पोट आणि उंची त्यात बसत नाही. ओळखीतल्या वीस जणींना घरी बोलवा, चहा करा आणि स्वतः टेप घेऊन मापं घ्या. छाती, कंबर, सीट (नितंब), दंड, मुंढा, खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं अंतर, सगळं. त्यावरून तुमचे चार साइझ काढा.

आणि ट्रायलला बोलावलं की गिऱ्हाइकाला आरशासमोर नुसतं उभं करू नका. दोन्ही हात वर करायला सांगा, खुर्चीत बसवा, खाली पडलेली पिन उचलायला लावा. कुठे ओढतं, कुठे वर चढतं तिथे खडूची खूण करा. ती गेल्यावर त्याच खुणेइतकी दुरुस्ती पॅटर्नच्या कागदावर लाल पेन्सिलीने करा, कोपऱ्यात तारीख टाका आणि कागद खुंटीला अडकवून ठेवा.